बियाण्याची जनसुनावणी

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चातुर्मास सरत आलेला असेल. आषाढीपासून ज्या घरांत कांदा, लसूण आणि वांगं बंद असतं, तिथे आता चंपाषष्ठीचे वेध लागतील. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच वांगं पानात वाढायचं, अशी रीत. जळगावची भरताची वांगी, कृष्णाकाठची वांगी, पुण्याकडचा मांजरी गोटा: ज्याचं त्याचं वांगं वेगळं आणि ज्याला त्याला आपलंच थोर. या देशात एका बियाण्यासाठी केंद्रीय मंत्री सात शहरांत लोकांसमोर जाऊन बसला, तोही वांग्यासाठीच.

शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीला मारणारं जनुक घातलेलं बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीने तयार केलं होतं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जीईएसी या समितीने त्याच्या लागवडीला हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी लगेच सही केली नाही. १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंडीगड, हैदराबाद आणि बंगळुरू इथे त्यांनी लोकांचं ऐकून घेतलं. सुमारे आठ हजार माणसं आली. शेतकरी होते, शास्त्रज्ञ होते, कंपनीची माणसं होती, वैद्य होते, गृहिणी होत्या. सभा गोंगाटाच्या झाल्या, घोषणा झाल्या. ९ फेब्रुवारीला मंत्र्यांनी स्थगिती दिली, आणि ती का दिली हे लिहून, लोकांच्या निवेदनांसह प्रसिद्ध केलं. शास्त्रज्ञांचं एकमत नाही, स्वतंत्र चाचण्या पुरेशा नाहीत, लोकांच्या मनात शंका आहे आणि घाई करावी अशी निकड नाही, हा त्याचा गाभा. ती स्थगिती चूक होती असं मानणारे जाणकार आहेत. बांगलादेशाने २०१३ मध्ये याच वांग्याला परवानगी दिली, हेही त्यांच्या बाजूने सांगितलं जातं. स्थगिती बरोबर की चूक यावर वाद जरूर व्हावा. पण कुठलाही नागरिक आजही ती कारणं वाचू शकतो आणि खोडू शकतो. या क्षेत्रातल्या फार थोड्या निर्णयांबद्दल असं म्हणता येतं.

लोकांना विचारून निर्णय घेण्यावर एक आक्षेप नेहमी येतो. विज्ञानाचे प्रश्न काय हात वर करून सोडवायचे? नाही सोडवायचे. एखादं प्रथिन उंदराच्या पोटात काय करतं, हे प्रयोगशाळेनेच सांगावं. पण बियाण्यासोबत शेतात जनुक एकटं येत नाही. किंमत येते, करार येतो, फवारणी येते, आणि कुणाची तरी मजुरी जाते. हे प्रश्न उंदरांना विचारता येत नाहीत.

कापसाचंच बघा. बीटी कापसाला २६ मार्च २००२ रोजी परवानगी मिळाली. पहिल्या काही वर्षांत बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे विदर्भातला कुणीही कापूसवाला सांगेल, आणि ते खरं आहे. म्हणूनच तर त्याने हे बियाणं उचलून धरलं. पण हे जनुक सरळ वाणात घालायचं की संकरित वाणात, हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला? सरळ वाणाचं बी घरचं ठेवता येतं. संकरिताचं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. बीटी कापूस जवळजवळ संपूर्णपणे संकरित वाणांतूनच पिकवणारा आपला देश जगात वेगळाच. संकरित वाण लांब मुदतीचे, कोरडवाहू हलक्या रानात ऐन बोंडं भरताना ओल संपते, आणि पीक लांबलं की गुलाबी बोंडअळीला आयतं घर मिळतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हे वारंवार मांडलं आहे. त्याच संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ वाण बीटी करून २००९ मध्ये शेतकऱ्याला दिलं होतं. पुढे त्यात खाजगी कंपनीचं जनुक मिसळलेलं आढळलं आणि ते मागे घ्यावं लागलं. घरच्या बियाण्याची ती वाट तिथेच बुजली.

किंमतीचंही तसंच. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, आणि त्यातले बाराशे पन्नास निव्वळ जनुकाच्या मालकीचे. ओरड झाली, आंध्रने दाद मागितली, महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या किंमतीसाठी स्वतःचा कायदा केला, २०१५ च्या डिसेंबरात केंद्राचा आदेश आला. म्हणजे आर्थिक प्रश्न सरकारला चुकला नाहीच. तो दाराशी आधी विचारायचा, तो घर लुटलं गेल्यावर विचारला, एवढंच.

आता निंदणीचं. तणनाशक सहन करणाऱ्या पिकाचा अर्थ असा की रानात पीक उभं ठेवून फवारा मारायचा, तण तेवढं जळतं. शेतकऱ्याला हे का हवं, ते समजून घेतलं पाहिजे. ऐन श्रावणात निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि आठ दिवस उशीर झाला की तण पिकाच्या डोक्यावर. पण त्याच रानात खुरपं घेऊन वाकलेल्या बाईचं वर्षाचं तेल-मीठ याच दोन-तीन महिन्यांच्या निंदणीवर चालतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीच्या सहापैकी पाच सदस्यांनी २०१३ मध्ये अशी पिकं भारतासाठी योग्य नाहीत असा अहवाल दिला, आणि त्यांच्या कारणांत या मजुरीचाही विचार होता. आमचं मत विचाराल तर शेतकऱ्याची अडचण खरी आणि मजूरबाईचं पोटही खरं. त्या दोघांना एका मांडवात बसवल्याशिवाय दिल्लीत यावर शिक्का मारायचा अधिकार कुणाला नाही.

कायदा काय म्हणतो? ही पिकं पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत येतात. त्या नियमांत लोकांना विचारलंच पाहिजे असं बंधन नाही. भारताने २००३ मध्ये जैवसुरक्षेचा कार्टाजेना करार स्वीकारला. त्याचं २३ वं कलम निर्णय घेताना लोकांशी सल्लामसलत करायला सांगतं आणि २६ वं कलम सामाजिक-आर्थिक परिणाम विचारात घ्यायची मुभा देतं. सही केली, नियम जुनेच राहिले. एखाद्या गावाजवळ औष्णिक वीजप्रकल्प यायचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांसमोर जनसुनावणी होते, अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. त्या सुनावण्यांतले दोष आम्ही जाणतो. तरी निदान मांडव पडतो, माइक हाती येतो, बोललेलं इतिवृत्तात उतरतं. हजारो गावांच्या रानात जाणाऱ्या बियाण्याला तेवढंही नाही. २०१६ मध्ये जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, मोहरीवर हरकती मागवल्या, मुदत तीस दिवस. सारांश संकेतस्थळावर होता, इंग्रजीत. मूळ कागद बघायचे तर दिल्लीला मंत्रालयात जा. त्याआधी बीटी वांग्याच्या विषारीपणाच्या चाचण्यांचे आकडे बाहेर यायलाही माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोग आणि सर्वोच्च न्यायालय एवढा प्रवास करावा लागला होता.

विचारलं नाही म्हणून लोक गप्प बसत नाहीत. त्यांचं उत्तर वेगळ्या वाटेने येतं. परवानगी मिळण्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातच्या रानात बीटी कापूस उभा होता. आज विदर्भात ‘चोरबीटी’ म्हणजे परवानगीविना विकलं जाणारं बियाणं, हे पोराटोरालाही कळतं. पाकिटावर धड नाव नाही, पावती नाही, उगवलं नाही तर दाद कुणाकडे मागायची याचा पत्ता नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने जाहीरपणे हे बियाणं पेरलं. त्यांची भूमिका आम्हाला सगळी पटत नाही. पण उघड्या रानात, दिवसाढवळ्या, परिणाम पत्करून आपलं म्हणणं मांडणं हाही लोकसहभागच आहे, आणि तो कायदा मोडून करावा लागला याचा दोष व्यवस्थेकडे जातो.

दरम्यान दार आणखी अरुंद होतं आहे. मार्च २०२२ मध्ये जनुक-संपादनाच्या दोन प्रकारांना जीईएसीच्या परवानगीतून सूट मिळाली, आणि ४ मे २०२५ रोजी अशा दोन भाताच्या वाणांची घोषणाही झाली. बाहेरचं जनुक त्यात नाही, त्यामुळे धोका वेगळा, हा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. पण त्या बियाण्याचा मालक कोण, भाव काय, बी घरी ठेवता येईल का, हे प्रश्न जनुक बाहेरचं असो की घरचं, तसेच राहतात.

२३ जुलै २०२४ रोजी जीएम मोहरीच्या परवानगीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. एका गोष्टीवर मात्र न्या. नागरत्ना आणि न्या. करोल दोघंही एक होते: केंद्राने जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण ठरवावं, आणि ते शेतकऱ्यांसह सर्व संबंधितांशी बोलून ठरवावं. त्या ‘सर्व संबंधितांत’ तुम्ही आहात. पेरणारे आहात, निंदणारे आहात, नाहीतर खाणारे तर नक्कीच.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीनंतर २६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा भरेल. सूचना निघण्याआधी सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटा आणि विषयपत्रिकेवर एक विषय घ्यायला लावा: जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांचं धोरण ठरण्यापूर्वी आमच्या तालुक्यात, मराठीत, सगळे कागद आधी हाती देऊन, पेरणी-काढणीचे दिवस टाळून सुनावणी व्हावी. बाजूने बोला की विरोधात, ते तुमचं तुम्ही ठरवा. ठराव झाला की त्याची एक प्रत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला पाठवा आणि एक आमच्याकडे. पुढच्या दिवाळीच्या अंकात ते सगळे ठराव आम्ही छापू.