सौजन्य: गुगल

राजगडाच्या सुवेळा माचीवर कुणीतरी कुडकुडत उजाडायची वाट बघतो, फोटो काढतो, आणि तो फोटो भोरच्या चौकातल्या फ्लेक्सवर ‘सौजन्य: गुगल’ म्हणून झळकतो. गुगल कुठला गड चढलं? ही चोरी आहे आणि मी तिला चोरीच म्हणणार.

माझे राजगड-तोरण्याचे फोटो मी विकिमीडिया कॉमन्सवर ठेवले, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्यावर. पैसे नकोत. धंद्यासाठी वापरा, कापा, रंग बदला. फक्त माझं नाव आणि परवाना लिहा, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि बदललेलं चित्र त्याच परवान्यावर पुढे द्या. वेल्ह्याच्या एका होमस्टेवाल्याने फोटो माहितीपत्रकावर छापला आणि नाव गाळलं. विचारलं तर म्हणाला, “नेटवर फुकटच होता की!” आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदाराचं नाव रंगवतात. मग फोटो देणाऱ्याच्या नावाला कोपऱ्यात दोन बोटं जागा का नाही?

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणतं की हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ हे सांगण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. याच कलमातल्या, कृतीची हानी रोखण्याच्या हक्कावर शिल्पकार अमरनाथ सहगल केंद्र सरकारशी भांडले. विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते परत द्यायला लावलं, वर ५ लाख रुपये भरपाई.

ट्रेकची ॲप आणि गेम बनवणाऱ्या पोरांनाही हेच सांगणं आहे. गेमसाठी चित्रं देणाऱ्या साइट असतात. त्यांतल्या केनीची चित्रं सीसी-झिरो परवान्यावर आहेत, तिथे नावाचीही अट नाही. गेम-आयकॉन्सवरच्या बहुतेक चिन्हांना मात्र चित्रकाराचं नाव द्यावंच लागतं. ओपनगेमआर्टवर प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा, तो उघडून वाचायचा. आणि १९८०चा पॅक-मॅन हा गेम जुना आहे, बेवारस नाही.

जुलै २०२५मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला. आता फलक, कॅलेंडर, पत्रकं, सगळ्यांनाच त्याचे फोटो हवेत. ते जरूर घ्या, पण खालचं नाव आणि परवाना उतरवून घ्या आणि छापा. आधीच छापून बसला असाल तर चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त करा, ४.० परवान्यात तेवढ्यावर तुमचा हक्क आपोआप परत मिळतो.