आधी कोण जाणार, बॉस?

न्यू जर्सीहून सुटीवर आलेला आमचा दादा शिरूर अनंतपाळला जायला निघाला आणि डावीकडच्या दारातून आत बसून स्टिअरिंग शोधू लागला! वाटेत लेक्चर सुरू. तिकडे चौकात चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी. रात्री चिटपाखरू नसलं तरी गाडी पूर्ण थांबवायची. आधी आला तो आधी जाणार; दोघं एकदम आले, तर उजवीकडचा आधी.

गंमत म्हणजे, सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या, हे आपल्या १९८९च्या नियमावलीतही छापलेलं होतं. लायसन्स काढताना वाचलं होतं कुणी? (मीही नाही.)

गावाजवळ अंधार पडला. उसाचा हंगाम. समोर अचानक ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर वाढ्यांखाली झाकलेला. दादानं करकचून ब्रेक मारला तेव्हा उसाची टिपरं काचेपासून हातभर लांब होती. कुणीच बोलेना. ट्रॅक्टरवाला उतरून आला. ‘लागलं का कुणाला, मालक?’

दादानं डिकीतला लाल त्रिकोण काढून ट्रॉलीच्या मागे बांधला. तो बघत राहिला, मग म्हणाला, ‘आन् तुमच्या गाडीला?’