आजोळची वाट

आजोळ म्हटले की गाडी येण्याआधीच स्टेशनवर येऊन उभे राहिलेले आजोबा आपणांस आठवतात. परंतु ज्या वाटेवर अडीचशे किलोमीटरपर्यंत एकही गाव लागत नाही, असे आजोळ आपण कधी कल्पिले आहे काय?

दक्षिण ऑस्ट्रेलियातील अॅडलेड शहरी राहणारे एखादे कुटुंब घ्या. मुलांचे आजोबा तेथून सुमारे ८५० किलोमीटर दूर, कूबर पीडी येथे राहतात. १९१५ साली तेथे ओपल हे रत्न सापडले आणि खाणकामगारांची वस्ती झाली. उन्हाळ्यात बाहेरचे तपमान ४० अंशांपलीकडे जाते. म्हणून कितीतरी लोक टेकडीच्या पोटात घरे खोदून राहतात. आत मात्र बारमाही गारवा असतो. त्या गारव्यात हयात घालविलेले आजोबा शहरात यावयास राजी नसतात. तेव्हा नातवंडांनीच जावयाचे.

पोर्ट ऑगस्टा मागे पडले की झाडे खुजी होतात, माती तांबडी होते. मिठाची सरोवरे उन्हात पांढरीशुभ्र चमकतात. मधूनच एखादी मोटार समोरून येते आणि तिचा चालक चक्रावरून एक बोट उचलून अभिवादन करतो. ग्लेंडॅम्बोनंतर कूबर पीडीपर्यंत पेट्रोल मिळत नाही. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून जाणती माणसे दिवस मावळण्यापूर्वीच मुक्काम गाठतात.

या वाटेचा एक नियम मुलांनाही पाठ असतो : मोटार बंद पडली, तरी ती सोडून जावयाचे नाही. पायी निघालेला माणूस त्या अफाट माळावर दिसत नाही. मोटार विमानातूनही दिसते, शिवाय तिची सावली मिळते. म्हणून पाण्याचा भरपूर साठा बरोबर असतो आणि पोहोचण्याची वेळ आजोबांना आधीच कळविलेली असते. वाटेत दूरवर दूरध्वनी चालत नाही. ठरलेली वेळ टळली, तर शोधासाठी पहिली हाक देणारे तेच!

वाटेकडे डोळे लावून बसलेला तो वृद्ध केवळ मायेपोटी बसलेला नसतो. तो त्या प्रवासाचा पहारेकरी असतो. आपल्या वाटा इतक्या निर्जन नाहीत, हे खरे. तरीही आपली वेळ मोजीत कोणी तरी बसलेले असतेच. पुढील प्रवासात 'निघालो' आणि 'पोहोचलो' हे दोन शब्द आपण त्यांना अवश्य कळवाल ना?