जॉर्जियातील शिळा कोणी फोडली?

अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात एल्बर्टन गावानजीक १९८० साली उभारलेले 'जॉर्जिया गाइडस्टोन्स' हे ग्रॅनाइटचे स्मारक ६ जुलै २०२२ रोजी पहाटे चारच्या सुमारास फुटले. उभारणाराने आर. सी. ख्रिश्चन हे टोपणनाव धारण केले होते. मानवजातीची संख्या पन्नास कोटींच्या आत राखावी, यासारखी दहा वचने त्यावर आठ भाषांत कोरलेली होती. त्यांत आपली हिंदीही होती आणि, दैवदुर्विलास असा की, उडाली ती शिळा नेमकी हिंदी व स्वाहिली लेखांची!

ती उडताच ईश्वराने वज्रप्रहार केला, असे म्हणणारे लोक तेथेही निघाले. विजेने पाषाण फुटतो, हे खरे. आतील ओलाव्याची क्षणार्धात वाफ होते. परंतु वीज सहसा सर्वांत उंच जागा गाठते. सुमारे पावणेसहा मीटर उंचीवरील माथ्याच्या शिळेचा काही भागच तुटावा आणि बाजूची एकोणीस टनांची शिळा मात्र चूर व्हावी, हे वज्राचे लक्षण नव्हे.

ग्रॅनाइट दाबास दणकट, पण ताणास दुबळा. स्फोटाची दाबलहर शिळेत शिरते, पलीकडच्या मोकळ्या पृष्ठावरून ताण होऊन परतते आणि दगडाचे पापुद्रे उडविते. शिवाय माथ्यावरून नुसता निसटलेला तुकडा १.१ सेकंदात पायथ्याशीच पडेल. तेथूनच आडवा उडून तो बावीस मीटरांवर सापडला, तर त्याचा वेग सेकंदास वीस मीटर असला पाहिजे. हे गणित शाळकरी मुलासही येते. प्रत्येक तुकड्याची जागा म्हणजे एकेक साक्ष होय.

स्फोटानंतर लगेच एक रुपेरी मोटार निघून जाताना पोलिसांच्या चित्रफितीत दिसते. इतका पुरावा हाती असता, सुरक्षिततेच्या नावाखाली उरलेल्या शिळाही त्याच दिवशी यंत्राने पाडण्यात आल्या. डळमळीत दगडाखाली माणसे दगावू नयेत, ही चिंता आम्हांस समजते. पण कुंपण घालून आठ दिवस थांबणे अशक्य होते काय? स्फोटाने पडलेला तडा कोणता आणि यंत्राने पाडलेला कोणता, हे आता त्या ढिगाऱ्यातून कोण सांगणार? पुढे दोन वर्षे उलटली, तरी कोणास अटक झाल्याचे जाहीर झाले नाही.