खुर्ची सुटते, किल्ली सुटत नाही

बदल्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यानुसार राज्यातील शासकीय बदल्या सामान्यतः एप्रिल किंवा मे महिन्यात व्हावयाच्या असतात. नाशिकच्या कचेरीतील कारकून मालेगावी गेला, की कपाटाच्या किल्ल्या परत करतो. परंतु सर्व्हरवरील फोल्डर उघडण्याचा त्याचा अधिकार कोण काढून घेणार? अधिकार मागणारे पुष्कळ असतात. तो रद्द व्हावा, अशी निकड कोणालाच नसते. म्हणूनच जुने हक्क साचत जातात. शेकडो फोल्डरांतून एकेक नाव हाताने वगळणे दुरापास्त आहे. ते काम संगणकाच्या आज्ञावलीवरच सोपवावयास हवे. त्यासाठी हक्क व्यक्तीला न देता पदाच्या गटाला द्यावेत. मग कार्यमुक्तीचा आदेश निघताच गटातून नाव वगळले, की पुढच्या लॉगिनपासून ती दारे बंद होतात. नागरिकांच्या माहितीच्या रक्षणात कसूर झाल्यास २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. ही किल्ली कोणाच्या सवडीवर ठेवणे परवडणारे नाही.