शेतनोंद : गोधडीला घरची मजुरी धरली का?

आज पिकाचं नाही, गोधडीचं लिहितोय. पण फिरून फिरून ते हमीभावापाशीच येतं, म्हणून वाचा.

गेल्या हिवाळ्यात आईनं आणि सौ.नं शिवलेल्या सहा गोधड्या घेऊन आम्ही शहरातल्या एका प्रदर्शनात बसलो होतो. भाव ९०० रुपये. तो मीच सांगितलेला. शेजारच्या स्टॉलवर मशीनच्या गोधड्या ८५० ला होत्या, म्हणून आपल्या हाताच्या ९०० ला. दुपारी बाराच्या आत सहाही खलास. ५,४०० रुपये रोख. मी खूश. परत येताना एसटीत सौ. म्हणाली, "एवढे दिवस कांदा काढायला गेले असते तर जास्त आले असते." आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मी एकराचा हिशोब रुपया-रुपयानं लिहिणारा माणूस. फवारणीच्या पाण्याचा टँकरसुद्धा वहीत असतो. गोधडीचं मात्र एक पानही नव्हतं.

म्हणून पुढची गोधडी घड्याळ लावून शिवली. म्हणजे त्यांनी शिवली, मी लिहिलं. सहा बाय चार फुटांची, जुन्या लुगड्यांचे थर, वरून ठिगळांची नक्षी. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अंतर पाऊण इंच. पेरणीचं गणित येतं त्याला हे अवघड नाही : ७२ गुणिले ४८ इंच, भागिले पाऊण, म्हणजे ४,६०८ इंच. ३८४ फूट दोरा-ओळ झाली. इंचाला तीन टाके धरले तर जवळजवळ १४ हजार टाके, आणि सगळे जाड थरांतून सुई ओढून घातलेले. थर अंथरणं, ठिगळं जुळवणं, कच्चे टाके हे धरून एकूण ६६ तास.

आमच्याकडं बाईमाणसाचा रोज सहा तासांचा, ३०० रुपये. म्हणजे ११ रोज, ३,३०० रुपये. वरचं नवं कापड नि दोरा २५०. गोधडी पडली ३,५५० ला आणि विकली ९०० ला. २५० वजा केले तर ६५० भागिले ११, रोजाला ५९ रुपये. रोजगार हमीचा दरसुद्धा २०२५-२६ साठी ३१२ होता.

म्हणजे सकाळी-सकाळी माल संपला तो काही आमच्या हुशारीनं नव्हता. भाव पाडलेला होता, म्हणून संपला.

आता मुद्द्याचं. आपण हमीभावावर भांडतो तेव्हा काय म्हणतो? सरकार ए२+एफएल वर दीडपट देतं, आम्हाला सी२ वर पाहिजे. ए२ म्हणजे खिशातून गेलेला खर्च. एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. सी२ मध्ये त्यावर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज. मागणी रास्तच आहे, मीही घोषणा दिल्यात. पण ज्या सरकारवर आपण चिडतो ते निदान एफएल तरी धरतं. आपण घरच्या गोधडीला फक्त ए२ धरतो. तोही पुरता नाही, कारण लुगडी "घरचीच" म्हणून फुकट.

आणि कारण काय सांगतो? "रिकाम्या वेळात शिवतात." चैत्र-वैशाखात रान मोकळं असतं, बाई मोकळी नसते. पाणी, जनावरं, स्वयंपाक, साठवलेला कांदा निवडणं यातून काढलेले ते तास आहेत. मी उन्हाळ्यात बांधावर बसून ठिबकच्या नळ्या जोडतो तेव्हा त्याला काम म्हणतात. तिनं गोधडी घेतली की रिकामा वेळ. हे मीही म्हणत आलोय, दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही.

गिऱ्हाईक तर घासाघीस करणारच. २०२५ च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे मोबाईलवर तापलो होतो. २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालेली चपल, आणि कारागिराचं नावही नाही! राग बरोबर होता. पण पुढच्या जत्रेत त्याच चपलेला "दोनशे कमी कर की" म्हणणारे आपणच.

घरच्या हस्तकलेवर आजकाल प्रशिक्षणं बरीच होतात. फोटो कसा काढावा, रील कसं करावं, ब्रँडचं नाव काय ठेवावं. ते चांगलंच आहे. पण खर्चाचा तक्ता कुणी मांडत नाही. ५९ रुपये रोजानं पडणारी वस्तू ऑनलाइन जास्त खपली तर बाईचा तोटा तेवढाच वाढेल. कृषी सहायक, आत्माची मंडळी इथं वाचतात, त्यांना विनंती : बचत गटाच्या बैठकीत पहिल्या दिवशी वही आणि घड्याळ द्या, मोबाईल दुसऱ्या दिवशी.

कर्ज काढून शिलाई मशीन घेऊन गोधड्या काढण्याचा सल्लाही मला पटत नाही. मशीनची गोधडी कारखाना आपल्यापेक्षा स्वस्त काढणार. तिथं आपण टिकत नाही.

मग ३,५५० ला घेणार कोण? सरसकट कुणीच नाही, हे मान्य करू. ज्याला पांघरूण पाहिजे तो मशीनचं घेईल, आणि घ्यावं. पण कपाटात आईची लुगडी ठेवलेली माणसं आहेत. ती टाकवत नाहीत, वापरवत नाहीत. त्यांना कापड विकायचं नाही, शिलाई विकायची. लुगडी त्यांची, टाके आपले. आपला माल पडून राहत नाही, पैसा अडकत नाही. यंदा आम्ही तेवढंच केलं. दर ३,८०० रुपये, निम्मे आधी, पार्सलचा खर्च वेगळा, मुदत दीड महिना. चौकशा बऱ्याच आल्या, दर ऐकून बहुतेक गप्प झाले. एकीनं तर "जुन्या कपड्याचे एवढे?" असं लिहिलं. तिला टाक्यांचा हिशोब पाठवला, उत्तर नाही. पक्क्या ऑर्डरी चार. चार म्हणजे ४४ रोज, दोघींना उन्हाळा पुरला.

फोटोबद्दल एकच अनुभवाची गोष्ट. भर दुपारी काढू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात गोधडी अंथरली की हाताच्या टाक्यानं पडलेल्या बारीक सुरकुत्या उठून दिसतात. मशीनच्या गोधडीवर त्या तशा येत नाहीत. एक फोटो उलट्या बाजूचाही टाका, धावदोरा दोन्हीकडून दिसतो. लांबी-रुंदी फुटात, थर किती, वजन किती, धुवायची कशी, हे लिहून टाका. बाकी "प्रेमानं विणलेली ऊब" वगैरे लिहायची गरज नाही. विणलेली तर ती नसतेच.

पैसे कुणाच्या खात्यात जातात हेही बघा. आमच्याकडं पहिली दोन बिलं माझ्याच क्यूआरवर आली, सवयीनं. तिसऱ्यापासून सौ.चा क्यूआर छापून घेतलाय. आईचा वाटा ती रोख मागते, मोजून घेते.

सध्या चौथी चालू आहे. पुण्याहून तीन लुगडी आलीत, त्यातलं एक इतकं विरलंय की सुई लागली की फाटतं. आई म्हणते ते मधल्या थरात घालू, बाहेरून दिसणार नाही पण असेल. ज्यांचं लुगडं आहे त्यांना फोन करून विचारलंय, उद्या सांगतो म्हणाल्या.