'पुलेशु'च्या पुढे काय? ऑनलाइन कथा लिहिणाऱ्यांना खरी टीका मिळते कुठे

मागच्या वर्षी मी एका कथांच्या ॲपवर चौदा भागांची रहस्यकथा टाकली. नायक रात्रीच्या शेवटच्या लोकलने बेगडेवाडीला उतरतो, प्लॅटफॉर्मवर दुसरं कुणी नसतं आणि स्टेशन ते घर या दीड किलोमीटरमध्ये सगळी भानगड होते. सरासरी रेटिंग ४.८. साठेक प्रतिक्रिया, त्यात 'अप्रतिम', 'जबरदस्त' आणि 'पुढचा भाग कधी?' यांचीच गर्दी. मी जाम खूश होतो.

मग आमच्या छोट्या लेखनगटातल्या, तळेगावला शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी ती कथा वाचली आणि एकच प्रश्न विचारला. "तिसऱ्या भागात तो लोकलमध्ये पॉवर बँक लावून फोन चार्ज करतो. मग आठव्या भागात घरी फोन का नाही करत?"

पुढचे सहा भाग त्या न केलेल्या फोनवर उभे होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोडमध्ये इतकी ढोबळ चूक असती तर पहिल्याच रिव्ह्यूमध्ये कुणीतरी दाखवली असती. इथे साठ जणांनी प्रतिक्रिया दिली आणि एकानेही दाखवली नाही. ते वाचक मूर्ख नव्हते. मग असं का झालं? २०२५ मधल्या काही घडामोडींमुळे हा प्रश्न आता फक्त माझा राहिलेला नाही.

आधी बातमी

'नॅनोरायमो' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहून काढायची, असा हा उपक्रम. १९९९ मध्ये अमेरिकेत २१ जणांनी तो सुरू केला आणि नंतर जगभरातले लाखो हौशी लेखक त्यात आले. मार्च २०२५ च्या शेवटी ही संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं. कारण सांगितलं गेलं पैशांचं. पण त्याआधीच लोकांचा विश्वास उडाला होता. २०२३ मध्ये तिथल्या चर्चांवर नीट देखरेख नाही आणि लहान मुलं तिथे सुरक्षित नाहीत, असे आरोप झाले. २०२४ मध्ये संस्थेने एआयने लिहिण्याबद्दल सौम्य भूमिका घेतली. एआयला सरसकट विरोध करणं म्हणजे गरीब आणि अपंग लेखकांवर अन्याय, असा तिचा सूर होता. त्यावर लेखक भडकले आणि सल्लागार मंडळातले काही नामवंत बाहेर पडले.

यातून मला एक गोष्ट दिसते. एकमेकांचं लिखाण वाचणाऱ्यांचा गट विश्वासावर चालतो. समोरचा माणूस खरंच वाचतोय, तो आपला अपमान करणार नाही आणि आपला मजकूर कुठे भलतीकडे जाणार नाही, एवढी खात्री लागते. ती गेली की २६ वर्षांची संस्थाही टिकत नाही.

मराठीत हे नवीन नाही

मौजेच्या 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे. कथेत काय जमलं, काय जमलं नाही, कुठे पुन्हा लिहावं, हे सांगायचे. अनेक लेखक त्या पत्रांतून घडले. पण किल्ली एकाच कचेरीत होती, आणि तिथल्या आवडीनिवडीत न बसणारे चिडले होते. १९६९ मध्ये लिटल मॅगझिनवाल्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. १९८२ मध्ये मासिक बंद पडलं.

१९९६ मध्ये 'मायबोली' आली, २००७ मध्ये 'मिसळपाव'. आता कथा छापायला संपादकाची परवानगी लागत नव्हती. अमेरिकेतली गृहिणी, पुण्यातला इंजिनिअर आणि कोल्हापूरचा दुकानदार एकाच धाग्यावर भांडायला लागले. तिथली एक वेगळी भाषाच तयार झाली. 'पुलेशु' म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र' म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. उगाच पाडलेल्या लेखाला 'जिलबी'. टोपणनाव घेतलेला एखादा जुना सदस्य कथेचा परिच्छेद न् परिच्छेद सोलून काढायचा, आणि दुसरा येऊन फक्त 'पुलेशु' म्हणून जायचा. दोन्ही चालायचं.

मग स्मार्टफोन आले. २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'सारख्या ॲपमुळे मराठीत लिहिणारे आणि वाचणारे दोघेही प्रचंड वाढले. ज्यांच्या घरी कधी मासिक आलं नाही, असे लोक फोनवर कथा लिहू लागले. ही मोठीच गोष्ट आहे. मात्र संपादकाचं दार निघालं तेव्हा संपादकाचं पत्रही गेलं. त्या जागी पाच तारे आले.

तारे खरं का सांगत नाहीत?

यात कुणाचा कट नाही. साधं गणित आहे, तीन भागांत सांगतो.

पहिलं: समजा, तुमच्या कथेचा पहिला भाग १,००० जणांनी उघडला आणि शेवटपर्यंत ८० पोचले. रेटिंग बहुतेक त्या ८० मधलेच देतात. ज्यांना कंटाळा आला ते ९२० जण काही न बोलता निघून गेले. म्हणजे ४.८ हा आकडा फक्त टिकून राहिलेल्यांचा आहे.

दुसरं: देवाणघेवाण. नवीन लेखकाला वाचक मिळत नाहीत म्हणून तो इतरांच्या कथांवर 'खूप छान' लिहितो आणि ते त्याच्या कथेवर येऊन तेच लिहितात. मीही केलंय. लग्नातल्या आहेरासारखं आहे हे, कुणी किती दिले ते लक्षात ठेवून परत करायचं.

तिसरं: ॲपला काय हवंय? तुम्ही पुढचा भाग उघडावा हे. कुठली कथा वर दाखवायची हे ठरवताना किती लोकांनी वाचलं, किती वेळ थांबले, पुढे गेले का, हे आकडे सोपे पडतात. 'आठव्या भागात तर्क सुटलाय' ही प्रतिक्रिया लेखकासाठी सोन्यासारखी, पण आकड्यांत ती 'वा वा' एवढीच मोजली जाते.

एक उपयोगाची गोष्ट: तुमच्या ॲपवर भागागणिक वाचकसंख्या दिसत असेल तर ताऱ्यांऐवजी ती बघा. माझी आठव्या भागानंतर जवळपास निम्मी झाली होती. वाचकांनी चूक दाखवली होती, फक्त लिहून दाखवली नव्हती.

मग चॅटबॉटला विचारू का?

आज बरेच जण हेच करतात. कथा पेस्ट करायची आणि 'कशी वाटली?' विचारायचं. लगेच उत्तर, कुणाचे उपकार नाहीत, लाजही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं, कारण ते जरुरीपेक्षा जास्त गोड बोलायला लागलं होतं. कशालाही 'वा, काय कल्पना आहे!' लोकांच्या तात्पुरत्या पसंतीला जास्त वजन दिलं गेलं, असं कंपनीनेच सांगितलं. अशी मॉडेलं घडवताना माणसांना कुठलं उत्तर आवडलं हेही मोजतात, आणि माणसांना कौतुक आवडतं. म्हणजे ताऱ्यांचाच आजार इथेही आहे.

तरी चॅटबॉट अगदीच निरुपयोगी नाही. नेमकं काम दिलं की बरं करतो. 'कुठल्या भागात कुणाकडे फोन आहे याची यादी कर' असं सांगून मी माझी कथा दिली, तेव्हा चूक त्यालाही सापडली. आधी 'कशी वाटली?' विचारलं होतं तेव्हा मात्र 'वातावरणनिर्मिती प्रभावी' एवढंच मिळालं होतं. पण लोकलमध्ये उभ्याने वाचताना कुठे लक्ष उडालं, कुठलं वाक्य वाचून स्वतःची आजी आठवली, हे तो सांगू शकत नाही. त्याला कंटाळा येत नाही.

टीका म्हणजे दगड मारणं नव्हे

दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या गटातली कामशेतची एक मुलगी टोपणनावाने कथा लिहायची. तिची पात्रं मावळात बोलतात तशी बोलायची, 'हाय', 'न्हाय', 'पानी'. एका कथेखाली कुणीतरी लिहिलं, 'आधी शुद्ध मराठी शिका, मग लेखिका व्हा.' त्याखाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. त्या रात्री तिने नऊच्या नऊ कथा डिलीट केल्या. सगळ्या थेट ॲपमध्येच लिहिलेल्या, दुसरीकडे कॉपी नाही. दोन तिने नंतर आठवून लिहिल्या. सात गेल्याच.

ती प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला वाटलं असेल की आपण परखड समीक्षा केली. पण त्याने कथेबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. संवादातली बोली आणि निवेदनातली शुद्धलेखनाची चूक यातला फरकही त्याला कळला नव्हता.

चांगल्या गटाचं 'डिझाइन' कसं असतं?

यावर जगात आधीच विचार झालाय. 'स्क्रिबोफाइल'वर तुम्ही इतरांच्या लिखाणावर सविस्तर टीका केली की 'कर्मा' गुण मिळतात आणि ते खर्च करून स्वतःची कथा टाकता येते. म्हणजे आहेर इथेही आहे, पण 'छान'ने भागत नाही, काम करावं लागतं.

विज्ञानकथा लेखकांमध्ये 'मिलफर्ड पद्धत' रूढ आहे. सगळे आळीपाळीने बोलतात आणि तोवर लेखकाने गप्प बसायचं, शेवटी त्याची पाळी. ऐकायला सोपं वाटतं, पण 'अरे मला तिथे असं म्हणायचं होतं' हे गिळणं फार अवघड आहे. मात्र वाचकाच्या शेजारी बसून तुम्ही खुलासे देणार नसता, त्यामुळे गप्प बसण्याची ही सवय लागतेच.

आणि नाव लपवण्याबद्दल आपल्याकडचंच उदाहरण आहे. मे २०२५ मध्ये आपल्याला सोडून गेलेले डॉ. जयंत नारळीकर १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरले ते 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम नको, म्हणून. 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकलं की कथा एकटी उभी राहते का, ते कळतं.

आमचे नियम

आम्ही पाच जण आहोत. एरवी ऑनलाइन, आणि महिन्यातून एका रविवारी माझ्या घरी, कारण कामशेत, तळेगाव, देहूरोड सगळ्यांनाच लोकलने बेगडेवाडी जमतं. पडतझडत ठरलेले नियम असे:

१. कथा आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहायची, दोन ठिकाणी कॉपी ठेवायची, मग ॲपवर टाकायची. ही शिकवण आम्हाला सात कथांना पडली.

२. गूगल डॉक्समध्ये शेअर करताना 'एडिटर' न देता 'कमेंटर' हक्क द्यायचे. म्हणजे कुणी मजकूर थेट बदलू शकत नाही, फक्त सुचवतो. जुनं रूप हवं असेल तर 'व्हर्जन हिस्टरी' असते.

३. लेखकाने आधी सांगायचं की काय हवंय. 'शेवट पटला का?' की 'शुद्धलेखन बघा'? पहिल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घ काढत बसायचं नाही.

४. ओळ दाखवून बोलायचं. 'मधे बोअर झालं' चालत नाही. 'पान चारवर बसचं वर्णन आलं तिथे मी फोन बघितला' चालतं. कोड रिव्ह्यूमध्येही आम्ही हेच करतो. कमेंट ओळीवर असते, माणसावर नसते.

५. काय जमलंय तेही तितकंच नेमकं सांगायचं. नाहीतर दुसऱ्या खर्ड्यात लेखक चांगलाच भाग काढून टाकतो. माझं झालंय.

६. ज्याने दोन कथा वाचून लिहून दिलं, त्यानेच स्वतःची एक द्यायची.

मजकूर कुणाच्या हातात जातो?

एप्रिल २०२५ मध्येच उघड झालं की 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांच्या कथांच्या संग्रहातल्या सुमारे १ कोटी २६ लाख रचना कुणीतरी परस्पर उतरवून एआयसाठीचा डेटासेट म्हणून 'हगिंग फेस'वर टाकल्या. तक्रारींनंतर तो हटवला गेला, पण तोवर कुणी उतरवून घेतला असेल तर तो परत कसा आणणार? म्हणून जे सगळ्यांना उघडं आहे ते कुणीही उचलू शकतं, असं धरूनच चाला. कच्चा खर्डा बंद गटात ठेवा. चॅटबॉटला देणार असाल तर सेटिंगमध्ये प्रशिक्षणासाठी डेटा वापरण्याचा पर्याय बंद करा. शिवाय अनेक स्पर्धा आणि दिवाळी अंकांना अप्रकाशित कथाच लागते. ॲपवर टाकलेली कथा प्रकाशित धरली जाऊ शकते, तेव्हा आधी नियम वाचा.

ताईंच्या त्या प्रश्नानंतर मी दोन आठवडे गटात काही बोललो नव्हतो. मग आठवा भाग पुन्हा लिहिला. आता नायक फोन करतो, आई उचलते, आणि तिच्या पहिल्या वाक्यावरून त्याला कळतं की घरी दुसरं कुणीतरी आहे. ताईंनी त्या ओळीवर कमेंट केली, 'इथे मी वाचायची थांबले आणि दाराची कडी बघून आले.'

कामशेतची ती मुलगी पुन्हा लिहायला लागली आहे. नवी कथा आमच्या फोल्डरमध्ये आहे, संवाद मावळीतच आहेत. माझ्या तीन कमेंट अजून बाकी आहेत. रविवारच्या आधी द्यायच्यात.